पहिलं बोट

अमरावती
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

जयभीम. आधी मागच्या पत्रातली चूक. मी लिहिलं होतं की आमच्या स्मरणशक्तीच्या प्रयोगात एमआरआय मशीनमध्ये झोपल्यावर हाताखाली बटणांची जी डबी देतात, तिच्यातून एक वायर बाहेर आमच्या कॉम्प्युटरपर्यंत येते. ती वायर नाही. काचेच्या बारीक तंतूंची केबल आहे आणि तिच्यातून वीज जात नाही, उजेड जातो. बटण दाबलं की तो उजेड अडतो आणि कोणतं बटण दाबलं ते आम्हाला बाहेर कळतं. तांब्याची साधी वायर आत नेली तर ती मशीनच्या लहरींनी तापते, अंगाला लागली तर भाजते. तुझ्या हातावरच्या गोंदणावर ओला रुमाल ठेवला होता तोही याच भीतीने, कारण जुन्या शाईत लोखंडाचा अंश असू शकतो. तू माझा 'वायर' शब्द वाचून निर्धास्त आत गेलीस आणि मी तेव्हापासून त्या शब्दावर अडकले आहे. चूक झाली तर खोडायचं नाही, खाली नीट लिहायचं, हे तूच शिकवलं होतंस. म्हणून लिहिलं.

तू विचारलं होतंस की तोंडाने सांगू द्यायला काय होतं? जबडा हलला की डोकं हलतं आणि डोकं हललं की मेंदूचं चित्र फिसकटतं. आपल्याकडे तर 'नाही' म्हणतानासुद्धा लोक जिभेने च्चक करून हनुवटी वर उडवतात. म्हणून ही चार बटणं. एखाद्या जागेचा फोटो दिसला की एक म्हणजे चांगल्या ओळखीचं, चार म्हणजे अजिबात ओळखीचं नाही, मधली दोन अधल्यामधल्यांसाठी. तू कानातलं यंत्र काढून, आत जाताना हात हलवलास तेव्हा मला तू ट्रेनमध्ये बसून चाललीस असंच वाटलं.

आत्या, हल्ली मला जुनं अकोला फार आठवतं. तुझ्या टेलिफोन एक्स्चेंजच्या समोर काय होतं ग? आत तुम्ही कुठे बसायच्या, डबे कुठे खायच्या? सावकाश लिही. घाई नाही. पण लिहीच.

तुझी
प्रियदर्शनी

•

अकोला
१३ ऑक्टोबर

प्रियू,

जयभीम. फोनवर तू बोलत असली की मले नुसतं भुर्र भुर्र ऐकू येते अन् मी हाव हाव म्हणत रायते, म्हणून पत्र बरं. शुद्ध लिहिणं सारं नोकरीत संपलं. आता बोलते तसंच लिहीन.

वायर का उजेड, मले काय फरक पडते? तुही मशीन लय आवाज करते म्हणे. मले त काही ऐकू नाई आलं. तुह्या त्या रागिणी मॅडमनं कानाले रुईचे बोळे लावले तवा मी म्हनलं, बाई, दरवाज्याले कुलूप आधीच हाये, वरून कडी कायले लावता? त्या हासल्या नाईत. डॉक्टर लोकाईले हासाची मनाई असते का वो?

आता तुहं एक्स्चेंज. समोर कुर्बानभाईची पानटपरी होती. आमची पाळी बदलली की तो खालूनच वरडे, "बहनजी, सुपारी लाल की सफेद?" आमी खिडकीतून थैली सोडो दोरीनं. डबे खाले बसो जिन्यात, कावून की बोर्डाजवळ सांडलं त सुपरवायझर देवमन साहेब आभाळ डोक्यावर घेत. आमी चौघी जणी. कानाले ते हेडफोन, समोर बोर्ड, हातात दोऱ्या. "अमरावती बोला, अकोला बोलून राहिली." अमरावतीले शाहीन म्हणून होती. तिचं तोंड मी कधी पाह्यलं नाई, पण ती लाइनीवर आली की तिनं बोलायच्या आधी मले समजे. तिचा एक श्वास होता, असा घेऊन थांबल्यावाणी. माणसं दोन दोन घंटे वाट पाहत ट्रंककॉलची. कोणाले पोरगं झालं, कोणाचा बाप गेला, हे त्या घरच्याईच्या आधी आमच्या कानात. आमी ते कोणाले सांगत नव्हतो. ऐकलेलं जसंच्या तसं पुढं जोडून द्याचं, आपला शब्द घालाचा नाई. ती नोकरी म्हणजे तेवढीच होती पाह्य.

शाहीन रिटायर झाली तवा तिनं शेवटचा कॉल मले लावला. मी नुसता तिचा तो श्वास ऐकून घेतला. आजकाल तुमी लोक मोबाईलवर चेहरा पाहून बोलता, तरी एकमेकाचं ऐकत नाई.

स्वप्निलनं मेसेज टाकला होता की आई, औषध घेते का, दार लावते का, गॅस बंद करते का. एका दिवसात तीनदा. त्याचं काही बिघडलं का, तुले माहीत हाये?

जेवत जाय नीट.

आत्या

•

अमरावती
२३ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

जयभीम. तुझं पत्र मी दोनदा ऑफिसात आणि एकदा घरी वाचलं. शाहीनबाईंचं तू कधी सांगितलं नव्हतंस.

मलाही खूप आठवतं. दम्यामुळे मी शाळेत उशिरा गेले आणि बाबांची नोकरी नांदगाव खंडेश्वरला, म्हणून मी तुझ्याकडे. माझं पहिलं पुस्तक म्हणजे तुझ्या एक्स्चेंजमधून रद्दीत निघालेली टेलिफोन डिरेक्टरी. इतर मुलं 'कमळ बघ' वाचायची तेव्हा मी 'अग्रवाल ट्रेडर्स, गांधी रोड' वाचायची. तू म्हणायचीस, "नाव वाच, मग तो माणूस कसा असन ते सांग." मी सांगायची की हे आजोबा जाड आहेत, ह्यांच्याकडे कुत्रा आहे. आडनावं वाचून मला सगळं अकोला पाठ झालं होतं. शाळेत गेल्यावर बाईंनी पुस्तकातला धडा दिला तेव्हा मी विचारलं होतं, "याचा नंबर कुठे आहे?"

आत्या, एक विचारू? एक्स्चेंजसमोर कुर्बानभाईंची पानटपरी होती असं तू लिहिलंस. मला तिथे स्टेशनरीचं दुकान आठवतं, तिथूनच तू मला पेन्सिली घ्यायचीस. तू दुसऱ्या कुठल्या चौकाशी गल्लत केलीस का? रागावू नको. माणसाचं होतं तसं.

आणि स्वप्निलदादा काळजीने विचारत असेल. तो म्हणतो तर थोडे दिवस नागपूरला जाऊन ये ना. थंडी पडेपर्यंत. बदल होईल.

तुझी
प्रियदर्शनी

•

अकोला
२९ ऑक्टोबर

प्रियदर्शनी,

पूर्ण नाव लिहिलं म्हणजे समजून जाय मी कोणत्या तालात हाये.

तू माही परीक्षा घेऊन राहिली. आधी वाटलं पोरीले घरची आठवण आली. दोन दिवस खुशीत होती मी, नईमाले तुहं पत्र वाचूनबी दाखवलं. तिनंच म्हनलं, "भागीरथाबाई, ये लडकी आपसे सवाल क्यूं कर रही?"

आता ऐक. कुर्बानभाईची टपरी तू जन्माले यायच्या आधीची. तो वारला, मंग त्याच जागी त्याच्या पोरीनं, म्हणजे ह्याच नईमानं, स्टेशनरी टाकली. तुह्या पेन्सिली तेथल्याच. तुले माहीत नाई त मी गल्लत केली? वा बाई. शिकवलं कोणी अन् चुका काढते कोणाच्या.

परवा स्वप्निल येऊन गेला. चार घंटे गॅस अन् कड्या तपासत फिरला अन् जाताना बोलला. तुमच्या मॅडमचा त्याले फोन आला होता म्हणे. मले फोनवर ऐकू येत नाई म्हणून फॉर्मवर त्याचा नंबर होता, तो कामात आला. मॅडम म्हणे, तुमच्या आईनं त्यांच्या सोताच्या गावातली एकबी जागा ओळखली नाई, अन् कधी न पाह्यलेल्या जागा ओळखीच्या हायेत म्हणून सांगतलं. एकदा डॉक्टरले दाखवा. हे तुले माहीत होतं. अन् तू मले लिहिते, थंडी पडेपर्यंत नागपूरले जाऊन ये.

तो थंडीपुरतं नाई म्हणत. घर भाड्यानं देऊन टाकू म्हणते. १६ तारखेले गाडी घेऊन येते. त्याचा दोष नाई. त्याच्या बापाचं शेवटी कसं झालं हे त्यानं पाह्यलं हाये, तो भेलेला हाये. पण मी या घरातून निघाली त परत येत नाई, हे मले माहीत हाये अन् त्यालेबी.

अन् मी ओळखलं नाई म्हणते तुही मशीन? असदगडचा बुरूज आला तवा करंगळी दाबली. मोर्णेवरचा जुना पूल आला तवा करंगळी. एक्स्चेंजची बिल्डिंग आली तवा त मी करंगळी इतकी जोरानं दाबली की नख दुखलं. अन् ते कोणचे कोणचे समुद्र अन् डोंगर दाखवले, त्याले हे आंगठ्याजवळचं बोट. आता याच्यावर अजून कसं सांगू?

आत्या

•

अमरावती
४ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र मी ऑफिसच्या पायऱ्यांवर उघडलं आणि 'करंगळी' शब्दाशी आल्यावर तशीच परत वर डबी बघायला गेले.

आमच्या डबीत तर्जनीखाली एक नंबर आहे आणि करंगळीखाली चार. तू अकोल्याची प्रत्येक जागा ओळखलीस आणि आम्ही प्रत्येक वेळी लिहून घेतलं, 'अजिबात ओळखीचं नाही.' समुद्र न ओळखून तर्जनी दाबलीस आणि आम्ही लिहिलं, 'चांगल्या ओळखीचं.' तुझी सगळी उत्तरं आमच्याकडे उलटी आली आहेत.

हे कसं झालं तेही लिहिते, कारण ते माझ्या एका शब्दामुळे झालं. सूचनांचं मराठी मी केलं होतं. मूळ सूचनेत तर्जनी असं स्पष्ट होतं. मला वाटलं, खेड्यातल्या साठी-सत्तरीच्या माणसांना 'तर्जनी' जड जाईल. म्हणून मी सोपं केलं, 'पहिलं बोट पहिल्या बटणावर.' बाहेर सराव करताना लॅपटॉपवर आकडे लिहिलेले होते, ते बघून सगळे बरोबर दाबत होते. आत हात दिसत नाही. तिथे माणूस आपल्या सवयीने मोजतो.

आणि सवय कोणती ते मला माहीत असायला हवं होतं. ओसरीत बसून तूच माझा हात उघडून करंगळीच्या खालच्या पेरावर अंगठा टेकवायचीस. "एक. लहान्याचा मान पयला." मग वरचं पेर, मग अनामिका. मी आजही भाजी आणताना तशीच मोजते. पण ऑफिसात बसले की माझं दुसरंच बोट पुढे येतं, आणि मी दोन हात दोन ठिकाणी ठेवून जगते हे मला आजवर कळलंच नव्हतं.

कुर्बानभाईंबद्दलही माझं चुकलं. त्या पत्रात मी जे माझ्या आठवणीत नव्हतं ते तुझ्याही आठवणीत नसावं असं धरलं. आणि दादाला फोन जाणार हे मला माहीत होतं, तेही लपवलं. तुला घाबरवायचं नव्हतं असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मीच घाबरले होते.

काल मी प्रयोगाला आलेल्या काही जणांना फोन केले. फक्त एवढंच विचारलं की तुमचं पहिलं बोट कोणतं. चांदूर बाजारचे खुशालराव म्हणाले, "मॅडम, एवढ्या शिकल्या न तुमी? करंगळी." चांदूर रेल्वेचे वामनराव म्हणाले, "हे काय, दाखवायचं बोट." एक आजी म्हणाल्या, "आंगठा. त्याच्यावर त सारी सही चालते." म्हणजे सगळ्यांची उत्तरं सरसकट उलटवूनही चालणार नाही. कोणाचं खरं आणि कोणाचं उलटं हे आता प्रत्येकाला परत आत झोपवल्याशिवाय कळणार नाही. केबल तपासली, रुमाल ओला केला, पिना-बांगड्या मोजून काढल्या. कोणाला भाजू नये याची एवढी काळजी घेतली, आणि माणूस काय सांगतो तेच हातून सुटलं.

मॅडमना अजून सांगितलेलं नाही. याच निकालांवर त्यांचा मोठा अहवाल उभा आहे. उद्या सांगते.

तू दादाला हे करंगळीचं सांग. आजच सांग.

प्रियू

•

अकोला
८ नोव्हेंबर

प्रियू,

सांगतलं. पत्रच लिहून मोबाईलवर फोटो काढून धाडला, नईमानं काढून देला. त्यानं उत्तर टाकलं, "आई, आता तू काहीही सांगशील."

मले राग नाई आला. हासू आलं अन् मंग हासू निघून गेलं. माणूस एकदा इसरभोळा ठरला की तो जे बोलते ते सारं त्याच्या इसरभोळेपणाचंच होते. मी बरोबर बोलली त "पाहा, आज बरी हाये." चुकली त "पाहा." माह्यावाल्या तोंडाचा आता उपयोग नाई. एक्स्चेंजात लाइन कट झाली की आमी दुसऱ्या गावावरून फिरवून देत होतो, अकोल्याहून बडनेरा, बडनेऱ्याहून अमरावती. तसं कोणी फिरवून देलं तरच आता हे त्याच्यापर्यंत जाईन.

कपाटातलं सामान बांधून ठेव म्हणे. मी दोन लुगडे काढले अन् परत ठेवले. बांधाले हात येत नाई. भाडेकरू घर पाहून गेले, नवरा-बायको चांगले हायेत बिचारे. बायको म्हणे, काकू, ही खिडकी बुजवून एसी बसवू का? मी म्हनलं बुजव. मंग रात्रभर त्याच खिडकीचा इचार केला. तू दम्यानं बसून राहायची तवा तुले तेथंच घेऊन बसो मी, अन् डिरेक्टरीतले नावं वाचत वाचत तुहा श्वास लागे बरोबर.

तुह्या मॅडम काय म्हणे?

रडत बसू नको. तू तर्जनी लिहिलं असतं तरी मले काही समजलं नसतं. मी म्हनलं असतं, ही कोण बाई?

आत्या

•

अमरावती
१२ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

जयभीम. मॅडमना पाच तारखेलाच सांगितलं. त्यांनी स्वतः खुर्चीत बसून, डोळे मिटून, हात टेबलाखाली धरला आणि मला म्हणाल्या, "म्हण, पहिलं बोट." त्यांची तर्जनी हलली. त्यांनी त्यांच्या आईला फोन लावून तोच प्रश्न विचारला. आईंनी काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण फोन ठेवल्यावर त्यांनी अहवालाची फाइल बंद केली.

म्हणजे त्या वाईट नाहीत. पण त्यांचं म्हणणं असं की हे आता संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीपुढे जाईल. समितीची बैठक चोवीस तारखेला आहे. तोपर्यंत सहभागी माणसांशी किंवा त्यांच्या घरच्यांशी कोणीही काही बोलायचं नाही. परत चाचणी होईल, मग लेखी कळवू. मी म्हटलं, चुकीचा फोन करायला आपण बैठकीची वाट बघितली नव्हती. हे मी मोठ्याने म्हटलं. बाजूच्या टेबलावरची माझी सहकारी अपेक्षा अजून माझ्याकडे बघते आहे.

मी दोन दिवस विचार केला. नियम कशासाठी आहे ते मला पटतं. घाईने अर्धवट सांगून आपण आधीच एकदा नुकसान केलं आहे, परत करू नये. पण चोवीसला तुझ्या खिडकीत एसी बसलेला असेल. आणि दादाला ते चुकीचं वाक्य आमच्याकडून गेलं आहे, तर ते दुरुस्त करणारं वाक्यही आमच्याकडचंच कोणीतरी नेलं पाहिजे.

लपूनछपून येणार नाही. आज मॅडमना आणि समितीला पत्र दिलं आहे की मी जाते आहे, का जाते आहे आणि नेमकं काय सांगणार आहे. मॅडमनी ते वाचलं. म्हणाल्या, "याचा परिणाम तुझ्या नोकरीवर होऊ शकतो हे कळतंय ना?" मी हो म्हटलं.

आत्या, तुलाही आधीच सांगते, म्हणजे ऐनवेळी तुला वाईट वाटायला नको. तुझी आठवण ठणठणीत आहे असं मी दादाला सांगणार नाही. ते मला माहीत नाही. तो माझा अधिकार नाही. त्याला मनाची खात्री करायची असेल तर तुला डॉक्टरकडे नेऊ दे, मीही सोबत येईन, आणि तू कुरकुर करायची नाही. मी एवढंच सांगणार आहे की त्या दिवशी तू काय सांगितलंस ते आम्ही उलटं ऐकलं. त्यातलं एकही वाक्य तुला घराबाहेर काढायला वापरता येणार नाही. डबी सोबत आणता येणार नाही, पण तिचं चित्र काढून आणते. त्याला हात पालथा ठेवायला सांगेन आणि विचारेन, दादा, तुझं पहिलं बोट कोणतं? तोही तुझ्याकडेच मोजायला शिकला आहे.

त्याने ऐकलं नाही तर काय, हे मी अजून ठरवलेलं नाही. ठरवायला बसले की निघणारच नाही, एवढं मी स्वतःला ओळखते.

सामान बांधू नको. बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीने निघून मी त्याच्या आधी घरी पोहोचते, रविवारी, १६ नोव्हेंबरला.

तुझी
प्रियू